केडगावची शाळा आणि श्रद्धेची निवड

शिक्षणामुळे माणसाची श्रद्धा कमी होते की वाढते, हा प्रश्न महाराष्ट्रात गेली पावणेदोनशे वर्षे वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला आहे. मुलगा इंग्रजी शाळेत गेला म्हणजे संध्या सोडेल, अशी धास्ती एकेकाळी वडीलधाऱ्यांना वाटत असे, तर शाळा गावोगाव पोहोचली की अंधश्रद्धा आपोआप मावळेल, अशी खात्री सुधारकांना होती, आणि काळाने दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे ठरवले. या प्रश्नाचा विचार करताना आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. श्रद्धा म्हणजे माणूस मनाने जे खरे मानतो ते. धार्मिक सहभाग म्हणजे तो प्रत्यक्ष जे करतो ते, म्हणजे देवळात, मशिदीत किंवा चर्चमध्ये जाणे, वारीला निघणे, उपास धरणे, सप्ताहाची वर्गणी देणे. शाळेचा परिणाम या दोहोंवर सारखा होतोच असे नाही. मनात शंका वाढत असतानाही माणूस यात्रेला नेमाने जातो, आणि देवळाची पायरी न चढणाऱ्याच्या मनातली भक्ती पुस्तके वाचून अधिक खोल झालेलीही आढळते.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे दोन तालुके या प्रश्नाच्या अभ्यासाला फार उपयोगी आहेत. घोडनदी या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या शिरूरच्या तालुक्यात अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती आहे, कान्हूर मेसाईची देवी आहे, वढू बुद्रुकला छत्रपती संभाजीमहाराजांची समाधी आहे आणि १ जानेवारी १८१८ च्या लढाईमुळे आंबेडकरी समाजाच्या स्मरणात कायमचे राहिलेले कोरेगाव भीमा आहे. रेल्वेमुळे वाढलेल्या दौंडच्या तालुक्यात कुरकुंभची फिरंगाई आहे, तुकारामांच्या पालखीचे यवत आणि वरवंड हे मुक्काम आहेत, केडगाव बेटावर नारायणमहाराजांचे दत्तस्थान आहे आणि त्याच केडगावच्या रेल्वेस्थानकाजवळ पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. दुसरीकडे, अमेरिकन मिशनऱ्यांच्या शाळांपासून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमापर्यंत शिक्षणाचे नाना प्रयोग याच मुलखात झाले आहेत.

समाजशास्त्रात बराच काळ एक सिद्धान्त प्रमाण मानला जाई. उद्योग, शहरे, विज्ञान आणि शिक्षण यांचा प्रसार होतो तसतसा धर्माचा सार्वजनिक व खासगी जीवनावरील पगडा सैल होतो, या प्रक्रियेला लौकिकीकरण म्हणतात. पीटर बर्जर हा अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात या मताचा मोठा पुरस्कर्ता होता. त्यानेच १९९९ साली, जग पूर्वीइतकेच, किंबहुना काही ठिकाणी अधिकच धार्मिक आहे, असे सांगून आपले पूर्वीचे मत मागे घेतले. शालेय शिक्षणापुरते बोलायचे तर अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनी सक्तीच्या शिक्षणाचे कायदे बदलले त्या देशांचा उपयोग एखाद्या प्रयोगासारखा करून घेतला आहे, कारण कायद्याने ज्यांना एखादे वर्ष जास्त शाळेत काढावे लागले आणि ज्यांना लागले नाही, त्यांच्यात इतर फरक फारसा नसतो. डॅनियल हंगरमन याने कॅनडाच्या आकडेवारीवरून २०१४ साली दाखवले की शाळेचे एक वर्ष वाढले की आपला कोणताही धर्म नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे चार टक्केबिंदूंनी वाढते. तुर्कस्तानात १९९७ साली सक्तीचे शिक्षण पाच वर्षांवरून आठ वर्षांवर नेले गेले, तेव्हा त्या शिक्षणातून गेलेल्या स्त्रियांमध्ये धार्मिकता कमी झाल्याचे आढळले. इंडोनेशियात मात्र नेमके उलट घडले. तेथील सरकारने १९७० च्या दशकात साठ हजारांहून अधिक सरकारी प्राथमिक शाळा बांधल्या, त्यांच्याशी स्पर्धा करण्यासाठी इस्लामी शाळांनी आपला विस्तार केला, आणि समाज धर्मापासून दूर जाण्याऐवजी धार्मिक शिक्षणाचीच मुळे अधिक घट्ट झाली.

भारताचे चित्र इंडोनेशियाच्या अधिक जवळचे आहे. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेने सुमारे ३० हजार भारतीय प्रौढांच्या मुलाखती घेऊन २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, धर्म आपल्या आयुष्यात अत्यंत महत्त्वाचा आहे असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ८४ टक्के निघाले. स्वातंत्र्यानंतर साक्षरता कित्येक पटींनी वाढलेल्या देशातील हा आकडा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे शाळा आणि श्रद्धा यांचे नाते सरळ त्रैराशिकाने सुटणारे नाही हे पटते.

महाराष्ट्राला हे एकोणिसाव्या शतकातच कळायला हवे होते. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि परंपरेतही राहिले नाहीत. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढून भटाच्या मध्यस्थीवाचून निर्मिकाची, म्हणजे सृष्टिकर्त्याची, उपासना आणि लग्नविधी करण्याचा तिसराच मार्ग दाखवला. टिळक आणि आगरकर एकाच डेक्कन कॉलेजात शिकले, जवळपास तीच पुस्तके वाचून बाहेर पडले, आणि एकाने गणेशोत्सवाला १८९३ पासून सार्वजनिक रूप देण्यात पुढाकार घेतला, तर दुसरा ईश्वराच्या अस्तित्वाबद्दलही शंका घेण्याइतका बुद्धिवादी झाला. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी इंग्रजी विद्येच्या जोरावर मूर्तिपूजा बाजूला ठेवली, पण प्रार्थना समाजाच्या सामुदायिक उपासनेतून एकेश्वरभक्ती अधिक निष्ठेने जोपासली. अभ्यासक्रम एकच असून त्यातून निघालेल्या माणसांचे धर्मजीवन इतके भिन्न झाले, त्याअर्थी श्रद्धेचे काय होणार हे अभ्यासक्रम एकटा ठरवत नाही.

मिशनऱ्यांनाही हा धडा मिळाला होता. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली आणि अहमदनगरला १८३१ साली सुरू झाले, आणि पुणे-नगर रस्त्यावरची लष्करी छावणी असलेले शिरूर हे त्याचे एक ठाणे बनले. शाळा काढावी, मुले वाचायला शिकली की बायबल वाचतील, आणि वाचले की त्यांचे मन वळेल, अशी सुरुवातीची अटकळ होती. प्रत्यक्षात मुले वाचायला शिकली आणि कचेरीतल्या नोकरीच्या शोधात निघून गेली. मिशनच्या बोस्टनमधील मूळ संस्थेचा कार्यवाह रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आला, तेव्हा इंग्रजी शाळांवरील खर्च कमी करून मराठीतून गावोगावच्या प्रचारावर भर द्यावा, असा कौल त्याने दिला, कारण शाळेतून मिळणारी विद्या लोक घेत होते आणि तिच्याबरोबरचा धर्म मागे ठेवत होते. पुढे शिरूरला विन्सर या मिशनरी दांपत्याच्या काळात मिशनच्या कामाने हातकामाचे वळण घेतले आणि तेथील औद्योगिक शाळेला सर दिनशा माणेकजी पेटिट या पारशी दानशूराचे नाव मिळाले. ख्रिस्ती मिशनच्या शाळेला पारशी धनिकाचे साहाय्य आणि वर्गात आसपासच्या खेड्यांतील मुले, हे चित्र त्या काळच्या धर्मांतराच्या गाजलेल्या वादांत सहसा दिसत नाही, म्हणून ते मुद्दाम नोंदवायला हवे.

शाळा श्रद्धेवर नेमकी कशी काम करते हे उलगडून पाहायचे असेल तर मात्र दौंड तालुक्यातील केडगावकडे, आणि त्याआधी केडगावला पोहोचण्यापूर्वीच्या रमाबाईंकडे पाहावे लागते, कारण त्यांच्या आयुष्यात विद्यार्थिनी आणि शिक्षिका या दोन्ही नात्यांनी हा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले होते, आणि आईकडून ती विद्या मुलीकडे आली. हे कुटुंब तीर्थातीर्थांवर पुराण सांगत फिरे. म्हणजे रमाबाईंची पहिली शाळा ही पूर्णपणे धार्मिक होती आणि त्यातील अभ्यास पाठांतराचा होता. दुष्काळात आईवडील गेल्यानंतर त्या भावाबरोबर १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या, तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, आणि त्यानंतर त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ पुराणिकाच्या दृष्टीने वाचायचे सोडून चिकित्सेने वाचायला घेतले. स्त्री आणि शूद्र यांच्याविषयी त्या ग्रंथांत जे आढळले त्याने त्यांची जन्मजात श्रद्धा ढळली. येथे परक्या शाळेने काहीही शिकवलेले नव्हते. ज्या धर्मग्रंथांवर श्रद्धा उभी होती तेच ग्रंथ स्वतः वाचण्याची क्षमता आल्याने ती श्रद्धा खचली.

पुढे इंग्लंडला गेलेल्या रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी तेथील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतरचा पत्रव्यवहार मात्र कमी लोक वाचतात. ज्या मठात त्या राहत होत्या तेथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा येशूच्या स्वरूपाविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी आणि शाकाहार सोडण्याविषयी दीर्घ वाद झाला, आणि पुरोहिताचा अधिकार ज्या कारणासाठी सोडला त्याच कारणासाठी बिशपचा अधिकार मान्य करायचा नाही, ही भूमिका त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. बुद्धीने धर्म बदललेल्या माणसाची बुद्धी नव्या धर्मात शिरताना दाराबाहेर राहत नाही, हे या पत्रांतून जितके स्पष्ट दिसते तितके एखाद्या सर्वेक्षणातून क्वचितच दिसेल.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन ही मुख्यतः विधवांसाठीची निवासी शाळा काढली आणि १८९० च्या अखेरीस ती पुण्याला हलवली. बोस्टन येथे १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने या शाळेला दहा वर्षे मदत द्यायचे कबूल केले होते, आणि त्यात अट अशी होती की शाळेत कोणत्याही पंथाचे धर्मशिक्षण दिले जाऊ नये. उच्चवर्णीय विधवांना आपले जातीचे आचार पाळता यावेत अशी स्वयंपाकाची व्यवस्था होती, ग्रंथालयात वेदशास्त्रांबरोबर बायबलही होते, आणि कोणी काय वाचावे यावर बंधन नव्हते. कागदावर याहून तटस्थ शाळा कल्पिता येणार नाही. पण रमाबाई स्वतः त्याच घरात राहत, आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिला जवळ घेऊन रोज प्रार्थना करत, आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे असे. काही मुली दाराशी थबकू लागल्या, मग आत येऊन बसू लागल्या.

महाराष्ट्रातील शिक्षणाच्या इतिहासातला एक अत्यंत कठीण प्रश्न या उघड्या दाराने निर्माण केला. टिळकांच्या ‘केसरी’ने शाळेच्या नावाखाली धर्मांतर चालल्याचा आरोप लावून धरला, सल्लागार मंडळातील रानडे आणि भांडारकर, ज्यांनी सदनाला समाजात विश्वास मिळवून दिला होता, त्यांनी ऑगस्ट १८९३ मध्ये राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. अजाण वयातील मुलींनी पालकांच्या संमतीवाचून अशा प्रार्थनेत बसावे काय, हा वादाचा गाभा होता. रमाबाईंची बाजू अशी की आपण कोणाला बोलावत नाही, पण स्वतःची भक्ती चोरून करणार नाही आणि येणारीला हाकलणार नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होते. आपल्या विश्वासासाठी दार लावून घेण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. तरीही जिने अन्न, वस्त्र, अक्षरे आणि माणूस म्हणून मान दिला, तिच्या उघड्या दाराचे आकर्षण दहा-बारा वर्षांच्या विधवेला इतर कोणत्याही दारासारखे नसते, हे मान्य करावेच लागते. शिक्षणशास्त्रात ज्याला अप्रकट अभ्यासक्रम म्हणतात, म्हणजे वेळापत्रकात नसलेल्या पण शिक्षकाच्या वागण्यातून, जेवणाच्या पंगतीतून, सुट्ट्यांतून आणि भिंतीवरच्या तसबिरींतून मुलाच्या मनात उतरणाऱ्या गोष्टी, त्याचे मराठी मुलखातील याहून ठळक उदाहरण सापडणार नाही.

याच सदनातील मुलींच्या वाटा मात्र एकसारख्या नव्हत्या. सदनात दाखल झालेली पहिली विधवा गोदूबाई जोशी. तिने त्याच घरात काही वर्षे काढली, त्याच रमाबाईंच्या हाताखाली शिकली, आणि मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. तिने धर्म सोडला नाही. पुनर्विवाहामुळे झालेला बहिष्कार सोसत तिने पतीच्या अनाथ बालिकाश्रमासाठी, पुढे हिंगण्याला गेलेल्या त्या संस्थेसाठी, आयुष्यभर कष्ट केले. सदनातील इतर काही मुलींनी पुढे बाप्तिस्मा घेतला. एकाच छपराखाली शिकलेल्या या मुलींची तुलना केली तर शाळेने सर्वांना दिलेली सामाईक गोष्ट कोणती होती ते कळते: विधवेने कसे जगावे याचा निर्णय सासर, माहेर किंवा उपाध्याय घेणार नाही, तो तिचा तिने घ्यायचा, ही जाणीव. कोणता निर्णय घ्यायचा ते शाळा ठरवू शकली नाही.

केडगावला आल्यावर परिस्थिती बदलली, आणि तिचे मूल्यमापनही वेगळ्या मापाने करणे भाग आहे. रमाबाईंनी केडगावला घेतलेल्या जमिनीवर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया आणल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या, आणि त्या सुमारास मुक्ती मिशनमधील संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. बोस्टनच्या मंडळाशी झालेल्या कराराची दहा वर्षे १८९८ मध्ये संपल्यावर संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. शारदा सदनातील विधवेला मागे घर होते, रागावलेले असले तरी नातेवाईक होते, आणि वाद घालायला वर्तमानपत्रे होती. भुकेने मरणाच्या दारात असलेल्या ज्या मुलीला आगगाडीने अनोळखी मुलखात आणले गेले, तिला भाकरी, अंथरूण, मुळाक्षरे आणि प्रार्थना एकाच हातातून मिळाली. तिच्या श्रद्धेला निवड म्हणणे धाडसाचे आहे. ही गोष्ट रमाबाईंच्या कामाचे मोठेपण कमी करत नाही, कारण त्या नसत्या तर त्यातील कित्येक मुली जगल्याच नसत्या. पण शिक्षण आणि श्रद्धा यांचा संबंध तपासताना निवासी शाळा आणि दिवसाची शाळा यांत भेद केलाच पाहिजे: जेथे मूल रात्री घरी परततच नाही, तेथे शाळेच्या सांगण्याला घरातून छेद देणारे कोणी उरत नाही.

मुक्तीमध्ये पुढे जे घडले ते धार्मिक सहभागाच्या दृष्टीने असाधारण होते. १९०५ साली तेथे ज्याला ख्रिस्ती परंपरेत पुनरुज्जीवन म्हणतात ती सामूहिक भक्तीची लाट आली. शेकडो मुली मोठ्याने, एकाच वेळी, स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या, आणि त्यांच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत जाऊन बोलू लागल्या. ज्या समाजात बाईने कीर्तनाला मागे बसून ऐकावे अशी रीत होती, तेथे बायका चारचौघांत धर्मावर बोलत होत्या, ही गोष्ट धर्म कोणता यापलीकडे जाऊन पाहावी अशी आहे. त्याच सुमारास रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या, बायकांना समजेल अशा मराठीत भाषांतर करायला घेतले. ते १९२२ साली त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी पुरे झाले आणि १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात छापून निघाले. त्या छापखान्यात खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे आणि पाने बांधणे ही कामे मुक्तीतल्या मुली आणि बायका करत होत्या. काही वर्षांपूर्वी ज्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते, त्यांच्या बोटांखाली देवनागरी, हिब्रू आणि ग्रीक अक्षरांचे खिळे होते. पोथीला शिवण्याचाही अधिकार ज्यांना नव्हता, त्यांनी पोथी घडवली.

या प्रसंगातून निघणारे सूत्र केडगावपुरते किंवा ख्रिस्ती धर्मापुरते नाही. शाळेने धर्माला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वाचता येणारा भक्त. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभर स्त्रियांमागे एकही साक्षर भरत नव्हती. २०११ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ७६ टक्के स्त्रिया साक्षर होत्या. या बदलाचा परिणाम आज शिरूर आणि दौंडच्या कोणत्याही गावातील अखंड हरिनाम सप्ताहात पाहता येतो. पहाटे काकडा झाला की मंडपात ज्ञानेश्वरीचे पारायण बसते. पूर्वी एकाने वाचायचे आणि गावाने ऐकायचे अशी पद्धत होती, आता व्यासपीठ चालकाच्या सुरात सूर मिसळून पुढे बसलेले सगळे वाचतात. लाकडी स्टँडवर प्रत्येकाचा स्वतःचा ग्रंथ असतो, आणि वाचकांच्या रांगांत नववारीतील आजी, तिची दहावी झालेली सून आणि सुट्टीला आलेली नात शेजारी शेजारी दिसतात. अठरा अध्याय आणि नऊ हजार ओव्या सात दिवसांत पार पाडायला डोळ्यांना वाचनाची सवय लागते, आणि ती सवय झेडपीच्या प्राथमिक शाळेत लागलेली असते. स्वामी समर्थांच्या केंद्रांत आणि गुरुचरित्राच्या सप्ताहांतही हेच दिसते. शाळेने भक्ती कमी केली असे येथे म्हणता येत नाही; ऐकणाऱ्याला तिने वाचणारा केला, आणि वाचणारा अर्थ विचारू लागतो.

शिक्षणामुळे सहभागाचे स्वरूपही बदलते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत पाळी करणारा, आयटीआय किंवा पदवी घेतलेला तरुण यात्रेच्या दिवशी रजा काढून गावी येतो. तो नवससायास कमी करत असेल, पण यात्रा कमिटीत असतो, वर्गणीचा हिशेब ठेवतो, अहवाल छापून घेतो, भंडाऱ्याचे नियोजन करतो. त्याचा देवावर विश्वास किती, हे त्याच्या आजोबांइतक्या ठामपणे सांगता येणार नाही. गावाशी असलेले नाते टिकवण्याची जागा म्हणून देऊळ त्याला हवे असते, हे मात्र नक्की. अभ्यासकांनी श्रद्धा आणि सहभाग वेगवेगळे मोजावेत, असा आग्रह का धरायचा ते अशा माणसाकडे पाहून समजते.

धर्म सोडून दुसरा स्वीकारण्याच्या बाबतीतही शाळेचा वाटा निर्णायक राहिला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आले; १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यामागे दीर्घ वाचन आणि तुलना होती. त्यांच्या मागोमाग गावोगावच्या ज्या कुटुंबांनी दीक्षा घेतली, त्यांच्यात वस्तीवर पत्रके वाचून दाखवणारा, बावीस प्रतिज्ञा समजावून सांगणारा माणूस बहुधा शाळेत गेलेला तरुणच असे. शिकलेल्या मनाने येथे धर्म टाकला नाही. जो धर्म अपमान करतो तो टाकून, तर्काला पटेल असा दुसरा पारखून घेतला.

आता आजच्या वर्गात पाहावे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. धर्मशिक्षण म्हणजे एखाद्या पंथाचे आचार व सिद्धान्त खरे म्हणून शिकवणे. निरनिराळ्या धर्मांविषयी माहिती देणे हे त्यापासून वेगळे आहे, आणि हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय यांच्या खटल्यात मान्य केला. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतही दसऱ्याला पाटीपूजन होते, आषाढीला विठ्ठल-रखुमाई झालेल्या मुलांची दिंडी निघते, आणि पालखीमार्गावर दिंड्यांच्या मुक्कामाला शाळांची पटांगणे आणि खोल्या दिल्या जातात. परिपाठात साने गुरुजींची, प्रेमालाच धर्म मानणारी प्रार्थना अनेक शाळांत म्हटली जाते. या सर्व प्रथा वाईट आहेत असे मुळीच नाही. यवतला पालखीच्या मुक्कामी गावाने वारकऱ्यांना पिठले-भाकरी जेवू घालण्याची जी परंपरा आहे, तिच्यात हातभार लावणारे मूल माणुसकी शिकते. प्रश्न त्याच वर्गात बसलेल्या मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती किंवा जैन मुलाचा आहे. त्याला यातले काहीही सक्तीने करावे लागत नाही, आणि तरीही सगळे करत असताना एकट्याने बाजूला उभे राहणे आठ वर्षांच्या मुलाला जमत नाही. शारदा सदनाचे उघडे दार येथे दुसऱ्या बाजूने पुन्हा दिसते. फरक इतकाच की त्या वेळी अस्वस्थ झालेले पालक बहुसंख्य समाजातले होते.

घटनेनेच अनुच्छेद ५१-क मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमासारख्या ठिकाणी, जेथे मुलगा किंवा मुलगी स्वतः वेल्डिंग करते, जमिनीत पाणी कोठे आहे ते उपकरणाने तपासते आणि रक्तगट काढायला शिकते, तेथे या कर्तव्याला प्रत्यक्ष रूप येते. अशा शिक्षणाने ईश्वरावरील विश्वास जातो असे दिसत नाही. बोअरवेलची जागा नारळाने शोधून घेण्याची, तापासाठी आधी देवऋषीकडे जाण्याची किंवा ग्रहणात गर्भवतीला कोंडून ठेवण्याची गरज मात्र वाटेनाशी होते. श्रद्धेचा परीघ यामुळे आकसतो, पण जे आत उरते ते बहुधा अधिक निवडलेले आणि म्हणून अधिक टिकाऊ असते.

शिरूर-दौंडमधील पालकांनी आणि शिक्षकांनी एक तरतूद विशेष लक्षात ठेवावी. अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या कलमानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षण अथवा उपासना होत असेल, तर विद्यार्थ्याला तिला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, आणि तो अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकाची संमती असल्यावाचून त्याला त्यात घेता येत नाही. रानडे, भांडारकर आणि रमाबाई १८९३ साली ज्या मुद्द्यावर एकमेकांपासून दूर गेले, त्याचे उत्तर घटनेने १९५० साली एका वाक्यात दिले. ते वाक्य शाळेच्या भिंतीवर उद्देशिकेशेजारी क्वचितच लावलेले असते. शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि जूनमध्ये पहिली पालकसभा भरते तेव्हा हे कलम मराठीत वाचून दाखवायला पाच मिनिटे पुरतात. समितीच्या सदस्यांनी ती येत्या जूनमध्ये द्यावीत.